भांड्यांच्या दुकानावर, नाशिक

पडद्यावर दिसणारे हे पोस्टकार्ड पावसात थोडे भिजले आहे. आडनाव तेवढे वाचता येते. त्याखाली ‘भांड्यांच्या दुकानावर, भांडी बाजार, नाशिक’ एवढाच मजकूर आहे आणि पिनकोडचे सहाही चौकोन रिकामे आहेत. ज्या बाजारात तांब्या-पितळेच्या दुकानांची ओळच लागलेली आहे, तिथे एवढ्यावरून घर शोधायचे कसे? तरीही टपाल लावणारे पोस्टमन ते परतीच्या टपालात टाकत नाहीत. ते आडनावावर बोट ठेवतात, क्षणभर थांबतात आणि कार्ड आपल्या बीटच्या, म्हणजे रोजच्या वाटपाच्या ठरलेल्या भागाच्या, गठ्ठ्यात, नेमक्या जागी खोचतात.

पत्त्यांचा घोळ जुना आहे. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि अनेक लिपी यांतून वाट काढण्यासाठी टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची पद्धत आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. देशाचे आठ भौगोलिक विभाग आणि लष्करी टपालाचा नववा, अशी तिची मांडणी आहे. पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसऱ्यासह टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि उरलेले तीन अंक थेट वाटप करणाऱ्या कार्यालयापर्यंत नेतात. निफाड तालुक्यातले ओझर आणि अष्टविनायकांपैकी एक असलेले जुन्नरचे ओझर यांची गल्लत यामुळेच टळते, कारण पहिल्याचा पिनकोड ४२२ ने सुरू होतो आणि दुसऱ्याचा ४१० ने. नाशिक शहरात मुख्य टपाल कार्यालयाचा ४२२००१, पंचवटीचा ४२२००३ आणि नाशिकरोडचा ४२२१०१. ज्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात देशाची टपाल तिकिटे छापली जातात, त्या गावाच्या पत्रावर तरी हे सहा अंक असावेत, असे मनापासून वाटते.

मात्र पिनकोड पत्राला कार्यालयाच्या दारापर्यंतच आणतो. पुढची वाट पोस्टमनच्या माहितीवर चालते.

हा रामकुंडाचा घाट. ‘गुरुजी, रामकुंड, नाशिक’ एवढ्याच पत्त्यावर आलेले हे दुसरे पत्र. इथे गुरुजी अनेक आहेत. पण तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नामावळ्या असतात आणि कोणत्या गावाचे यजमान कोणाकडे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. त्यामुळे पोस्टमन आधी पाकीट उलटून पाठवणाऱ्याचे गाव वाचतात आणि घाटावर त्या गावाचे उपाध्ये कोण, हे विचारतात. दोन ठिकाणी विचारल्यावर एक हात पलीकडच्या वाड्याकडे वळतो. ही माहिती कोणत्याही यंत्रात भरलेली नाही. ती वर्षानुवर्षे एकाच बीटवर चालणाऱ्या माणसाकडे असते आणि म्हणूनच त्याच्या बदलीच्या वेळी तिचाही विचार व्हायला हवा.

ज्या पत्राचा मालक सापडत नाही ते पाठवणाऱ्याकडे परत जाते, आणि त्याचाही पत्ता नसेल तर परतपत्र कार्यालयात उघडून पाहिले जाते.

आता पुन्हा भांडी बाजार. दुकानाच्या बाजूने वर जाणारा अरुंद लाकडी जिना आहे आणि पोस्टमन कठड्याला धरून तो चढत आहेत. वरच्या दाराला कुलूप नाही. आतून एक वृद्ध बाई चष्मा शोधत बाहेर येतात, कार्ड हातात घेतात आणि पत्ता न पाहता आधी अक्षर पाहतात.