खचत जाणारा वाफा

सहा महिन्यांपूर्वी हा गादीवाफा, म्हणजे फळ्यांच्या चौकटीत जमिनीपेक्षा उंच भरलेला वाफा, काठोकाठ भरला होता. आज माती फळीच्या कडेपासून चार बोटं खाली गेली आहे. ती वाहून गेलेली नाही, कुणी उपसलेलीही नाही. खाली लाकूड, पाला, ओला कचरा असं जे पुरलं, ते कुजतं आहे आणि कुजताना आकसतं आहे. वाफा खचतोय म्हणजे आत काम चाललंय.

बांधणीचं आधी सांगून टाकते. लांबी ८ फूट, रुंदी ४ फूट, उंची १५ इंच. लांबी हवी तेवढी ठेवा, पण रुंदी ४ फुटांच्या पुढे नको. कुठल्याही बाजूला बसून हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. पायाखाली माती दबली की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, आणि गादीवाफ्याचा सारा खटाटोप त्या पोकळ्यांसाठीच असतो.

फळ्या साध्या, रसायन न मुरवलेल्या. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर भक्कम दिसतात, पण त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवण्यासाठीचं विषारी डांबरी रसायन, मुरलेलं असतं. भाजीच्या वाफ्याला ते अजिबात नको. कोपरे गुण्यानं, म्हणजे काटकोनी पट्टीनं तपासायचे, मग दोन्ही कर्ण मोजायचे. इथे दोन्हीकडे ८ फूट ११ इंचांच्या किंचित पुढे टेप थांबली, म्हणजे चौकट काटकोनात आहे.

तळाला अर्ध्या इंची भोकांची जाळी. उंदीर-घुशी अडतात, गांडुळं मात्र आरामात वर येतात. जाळीवर जाड पुठ्ठा, चिकटपट्ट्या सोलून काढलेला, कडा एकमेकांवर चढवून अंथरलेला आणि चिंब भिजवलेला. खालचं गवत अंधारात मरतं, पुढे पुठ्ठाही मातीत मिसळतो. प्लॅस्टिक इथे चालणार नाही. खालची जमीन आणि वरची माती यांची गाठ पडायलाच हवी.

आता भरण. ८ गुणिले ४ गुणिले सव्वा, म्हणजे ४० घनफूट. साधारण ११३० लिटर. एवढी सगळी चांगली माती आणायची गरज नाही. तळाच्या तिसऱ्या हिश्श्यात ओंडके आणि फांद्या, शक्यतो अर्धवट कुजलेल्या; असं लाकूड स्पंजासारखं पाणी धरतं. फटींत माती ठासायची. वर सुका पालापाचोळा आणि हिरवा पाला, थरावर थर, प्रत्येक थर ओला करून. शेवटचे ७-८ इंच माती आणि पूर्ण मुरलेलं कंपोस्ट.

इथे माझी एक चूक सांगते. आधीच्या वाफ्यात मी लाकडाचा भुसा वरच्या मातीतच मिसळला होता. रोपं पिवळी पडली आणि जागच्या जागी थांबली. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५ ते ३० भाग कर्बामागे (कार्बनमागे) एक भाग नत्र (नायट्रोजन) लागतो. भुशात कर्ब भरमसाट, नत्र नावापुरता. तो तुटवडा ते मातीतल्या नत्रातून भरून काढतात आणि रोपं उपाशी राहतात. तेच लाकूड खोल, मुळांच्या खाली असलं तर हा त्रास होत नाही.

आणि ही बादली. २० लिटरची, बूड कापलेली, अंगाला सगळीकडे भोकं पाडलेली. वाफ्याच्या मधोमध पुरली आहे; काठ मातीच्या दोन इंच वर, त्यावर घट्ट झाकण. देठ, साली, अंड्यांची टरफलं यात पडतात, आणि दर वेळी वरून मूठभर सुका पाला. पाला विसरला की वास येतो, माश्या येतात. गांडुळं भोकांतून आत शिरतात, खातात, बाहेर पडतात आणि आपली विष्ठा वाफाभर सोडत जातात. खत पसरायचं काम तीच करतात. मला या सगळ्या मांडणीत सर्वांत लोभस वाटतं ते हेच.

बादलीत मावत नाही ते चरात. वाफ्याचा एक तृतीयांश भाग तळाला ओंडके न घालता, लागवडीविना मोकळा ठेवलाय. तिथे फूटभर खोल चर, तळाला चार इंच ओला कचरा, वर आठ इंच माती. या हंगामात इथे पुरायचं, पुढच्या हंगामात इथेच लावायचं. मांस, दूध, तेलकट उरलंसुरलं यात टाकू नका. वासानं प्राणी माती उकरतात. बी धरलेलं तणही नको. एवढ्याशा चरात ढिगासारखी उष्णता तयार होत नाही, त्यामुळे बिया मरत नाहीत, उगवतात.

पाणी बेतानं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, बोटानं टोचला की फुटावा. हाच वाफसा. चिखल झाला की हवा संपते आणि कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं.

हा पहिला चर, सहा महिन्यांनंतर उकरलेला. साली नाहीत, देठ नाहीत. टरफलांचे पांढरे तुकडे तेवढे ओळखू येतात, बाकी सगळी काळी, रवाळ माती. नाकाजवळ धरली तर ओल्या जमिनीचा वास.

आज वर कंपोस्ट आणि माती, दोन घमेल्यांना एक या प्रमाणात, कडेपर्यंत. वाफा पुन्हा काठाला लागला. फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं एक रेघ ओढली आहे, शेजारी आजची तारीख.