फ्लॉवरिंग क्विन्स : कात्री केव्हा हाती घ्यायची

श्रोते हो, नमस्कार.

फ्लॉवरिंग क्विन्सचं झुडूप उन्हाळ्यात पाहिलंत तर ते घरी आणावं असं तुम्हाला वाटणारच नाही. वेड्यावाकड्या फांद्या, एकीत एक अडकलेल्या, वर काटे, आणि पानं अगदी साधी. पण थंडी सरत आली की बाकीची बाग अजून हलायच्या आतच याच्या उघड्याबोडक्या फांद्यांवर फुलं येतात. लाल, शेंदरी, गुलाबी, पांढरी. देठ इतका आखूड की फूल थेट सालीतून बाहेर पडलंय असं वाटावं. पाच गोलसर पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका. पानं मागाहून, सवडीने येतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे थंडी मागणारं झाड आहे. मूळ चीन, जपान, कोरियाकडचं. हिवाळ्यात पानं गाळून काही आठवडे नीट गारठा मिळाला, तरच ते मनापासून फुलतं. जिथे हिवाळा नावापुरताच असतो, तिथे याच्या मागे लागू नये, असं माझं मत.

रोप घेताना जात विचारून घ्या, कारण आकारात फार फरक आहे. 'जपोनिका' जेमतेम मीटरभर उंच होते आणि पसरते. 'स्पेसिओसा' दोन-तीन मीटरपर्यंत जाते. या दोघींच्या संकराला 'सुपर्बा' म्हणतात. लहान बागेसाठी मी हीच सुचवेन. तिच्यातलं 'क्रिमसन अँड गोल्ड' हे गडद लाल फुलांचं वाण फार लोकप्रिय आहे. पांढरी फुलं हवी असतील तर स्पेसिओसातलं 'निवालिस' बघा. घरात लहान मुलं असतील तर बिनकाट्यांची 'डबल टेक' मालिका आहे. तिची फुलं भरगच्च पाकळ्यांची असतात, पण फळं धरत नाहीत.

जागा उन्हाची निवडा. अर्धवट सावलीत झाड जगतं, पण फुलं कमी येतात. जमीन कशीही चालते, अगदी चिकणमातीसुद्धा, फक्त मुळाशी पाणी साचायला नको. चुनखडीच्या जमिनीत मात्र पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, म्हणून असं होतं. खत बेतानेच द्या. नत्र जास्त झालं की झाड पानांच्याच मागे लागतं. पहिलं वर्षभर पाणी चुकवू नका. त्यानंतर ते बराच कोरडेपणा सोसतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. "झाड छान वाढलंय, पण फुलतच नाही," ही तक्रार आली की मी आधी विचारतो, छाटणी कधी केलीत? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : पानं गळाल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी. तिथेच घोटाळा होतो. या झुडपाच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच, जुन्या लाकडावरच्या आखूड फुटव्यांवर तयार झालेल्या असतात. हिवाळ्यात एखादी फांदी जवळून पाहा. पानांच्या कळ्या बारीक आणि टोकदार असतात. फुलांच्या कळ्या गोल, टपोऱ्या, मोहरीच्या दाण्यांसारख्या, घोसाने बसलेल्या दिसतात. तेव्हा कात्री चालवली की येणारा सगळा बहर जमिनीवर पडतो.

म्हणून छाटायचं ते फुलं ओसरल्याबरोबर. मग नव्या फुटीला अख्खा उन्हाळा मिळतो आणि पुढच्या वर्षीच्या कळ्या तिला धरता येतात. जाड हातमोजे घाला आणि आधी झुडपाच्या आत डोकावा. सगळ्यात जुन्या, जाड खोडांपैकी साधारण चौथा हिस्सा बुडापासून काढा. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. कुंपण भादरायची मोठी कात्री घेऊन वरवर गोल आकार देण्याचा मोह मात्र आवरा. वर पानांचं कवच तयार होतं, आत उजेड शिरत नाही आणि फुलं झाकली जातात. बुडाशी येणारे फुटवे दरवर्षी काढत राहा, नाहीतर झुडूप हळूहळू शेजारच्या वाफ्यात शिरतं. मुळं असलेला फुटवा मिळाला तर तो फेकू नका. तो दुसरीकडे लावला की आयतं नवं झाड मिळतं.

भिंतीलगत लावलंत तर याचं रूप आणखी खुलतं. मुख्य फांद्या तारांना पंख्यासारख्या बांधा आणि बहर संपला की बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आखूड करा. काही वर्षांत तिथे गाठाळ फुटवे तयार होतात आणि फुलं त्यांच्यावरच दाटीने येतात.

रोगांचा फार जाच नाही. मावा आणि खवले कीड येते, ती जोराच्या पाण्याने किंवा ब्रशने निघते. 'फायर ब्लाइट' मात्र गंभीर आहे. हा जिवाणूजन्य रोग सफरचंद आणि नाशपातीलाही होतो. शेंडे काळे पडून भाजल्यासारखे दिसले, तर खालच्या निरोगी भागात चांगलं वीतभर आत जाऊन कापा आणि दर कापाला कात्री निर्जंतुक करा.

शरद ऋतूत पिवळसर, सुवासिक फळं धरतात. कच्ची खाल्लीत तर दात आंबतील, इतकी ती कठीण आणि आंबट असतात. पण जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर असल्यामुळे त्यांची जेली सुरेख जमते. बिया तेवढ्या गाळून टाका. फळं हवी असतील तर शेजारी दुसऱ्या वाणाचं झाड असू द्या. एकट्या झाडावर सहसा फार थोडी फळं धरतात.

आणि हो, हिवाळ्यात कात्री लावायला एक सूट आहे. बहरानंतर ज्या अडचणीच्या फांद्या तुम्ही काढणारच होतात, त्यातल्या दोन-चार फांद्या, कळ्या फुगल्या की, आधीच कापा आणि फुलदाणीत, उजेडाच्या जागी ठेवा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. घरात उमललेल्या फुलांचा रंग बाहेरच्यापेक्षा फिका येतो, लाल वाणही गुलाबीकडे झुकतं. वाण बदललं की काय, अशी शंका नको.

नमस्कार.