म्हशींची वाट कुठून?

(सिंहगड रस्ता परिसरातल्या सोसायट्यांच्या रहिवाशांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. प्रोजेक्टर आणलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पूर्वी आणायचो. नदीकाठच्या पायवाटेसाठी आमच्या गटाने पहिली बैठक घेतली ती अशाच एका सोसायटीच्या हॉलमध्ये. पडद्यावर हिरवळ, बाकं, सायकलवरची पोरं आणि निळीशार नदी. तिसऱ्या चित्राला मागून एक आजोबा म्हणाले, "ही कुठली नदी?" हॉल हसला, आम्हीही हसलो. पण बैठक तिथेच आटोपली होती. पुढचा तासभर लोक चहाची वाट बघत बसले.

आजोबांचं काय चुकलं? मुठेच्या काठी राहणाऱ्याला मुठा पाठ असते. तिचा वास, डास, जलपर्णी, अंधार पडल्यावर काठावर रंगणाऱ्या पार्ट्या. ज्यांनी १२ जुलै १९६१ला पानशेत फुटल्यानंतरचं पाणी बघितलं, त्यांच्या घरात तर नदीचं नाव अजून जपूनच निघतं. एकतानगरीतल्या मंडळींना एवढं मागे जायचीही गरज नाही. २५ जुलै २०२४चा पूर पुरे आहे. ज्याच्या तळमजल्यात पाणी शिरलंय त्याला 'चला, नदीकाठी फिरायला' म्हटलं, तर तो आधी चिडणार. चिडायलाच हवा.

तेव्हा आम्ही बैठका बंद केल्या आणि रविवारी सकाळी नुसतं चालायला लागलो. पहिल्या रविवारी सहा जण होतो, त्यातले दोघे माझ्याच घरचे. आजही नव्या माणसाला मी मुद्दाम पाणी ओसरल्यावर, ऑगस्टात नेतो. काठच्या करंजाकडे बोट दाखवतो. डोक्याच्या वर हातभर उंचीवर दुधाच्या पिशव्या, साडीची चिंधी आणि एका वर्षी एक लहान मुलाची चप्पल, बंदासकट. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे नकाशावर दहादा सांगा, विसरतात. ती चप्पल कुणी विसरलं नाही. मग लोक आपणहून बोलू लागतात. इथे भिंत घातली तर हे पाणी कुणाच्या दारात जाईल? पेव्हर ब्लॉक कशाला, मुरूम टाका की. भिडे पूल दर पावसाळ्यात बुडतो, वर येतो, गाळ काढला की आपण परत त्याच्यावरून जातो. पायवाटही बुडणारीच हवी, हे आम्ही सांगितलं नाही, आमच्याबरोबर चालणाऱ्या एका काकूंनी सांगितलं.

आता म्हशींचं. एका टप्प्यावर आमची आखणी बरोबर एका गोठेवाल्याच्या उतारावरून जात होती. त्याने एकच विचारलं, "माझ्या म्हशी पाण्यावर कुठनं जायच्या?" आमच्या नकाशावर झाडं होती, पक्षी होते, शेकाट्या आणि हळदी-कुंकू बदकसुद्धा होती; म्हशी नव्हत्या. गळ टाकून बसणारे नव्हते, दशक्रियेला येणारे नव्हते. रोज नदीवर येणारी माणसं हीच, आणि आम्ही विचारत होतो कुणाला, तर खिडकीतून नदी बघणाऱ्यांना! वाट वीस पावलं वर सरकवली, उतार मोकळा ठेवला. तो गोठेवाला मग वाटेवर शिरणाऱ्या दुचाकीस्वारांना असा काही हासडायचा, की आमच्या चार पाट्यांना ते जमलं नसतं. पुढे त्याने म्हशी विकल्या आणि दुचाक्या परत आल्या. ते दुखणं अजून आहे. खांब लावा म्हणाल, तर ज्या फटीतून व्हीलचेअर जाते तिच्यातून स्कूटरही जाते. ओळखीचं कुणी ना कुणी सारखं तिथे असणं, एवढाच उपाय आम्हाला सापडलाय.

"महापालिकेचा ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प आहे ना, मग तुमची ही वाट कशाला?" हा प्रश्न येणार, म्हणून मीच घेतो. एप्रिल २०२३मध्ये त्या प्रकल्पापासून काठावरची झाडं वाचवायला हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. त्यांना कुणी 'विकासाचे विरोधक' म्हणालं, की मला हसू येतं. नदीसाठी एवढ्या संख्येने बाहेर पडणारी माणसं कुठल्याही शहराला हवीच असतात; आपण त्यांना आराखडा पूर्ण झाल्यावर भेटतो, ही गडबड आहे.

अमेरिकेत डेन्व्हर शहर आहे. तिथली साऊथ प्लॅट नदीही अशीच कचरा टाकायची जागा झाली होती. जून १९६५मध्ये तिला मोठा पूर आला. १९७४मध्ये महापौर बिल मॅकनिकल्स यांनी नदीसाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं जो शूमेकर यांना. महापौर डेमोक्रॅट, शूमेकर रिपब्लिकन! (हशा) हसू नका, विचार करा. हाताशी वीसेक लाख डॉलर, म्हणजे सगळ्या काठाला पुरणार नाहीत इतकेच. म्हणून त्यांनी चेरी क्रीक जिथे नदीला मिळते त्या संगमावर एक बाग केली, १९७५मध्ये ती खुली झाली. लोक पाण्यापर्यंत पोचले, आणि मग वाटेचे तुकडे एकेक करून जोडत नेले.

संगम आपल्याकडेही आहे. पण मी तिथून सुरुवात करा म्हणत नाही. तुमच्या गेटपासून पाण्यापर्यंत जी चिंचोळी वाट जाते, राडारोड्याने बुजलेली, तिची दोनशे पावलं आधी मोकळी करू. वासाचं उत्तर माझ्याकडे नाही. सांडपाणी शुद्ध झाल्याशिवाय तो जाणार नाही, आणि पायवाट केली की वास जाईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त एवढं बघितलंय, की कुठल्या नाल्यातून काळं पाणी येतं हे चालणाऱ्यांना आठवड्यात कळतं, आणि ते फोटोसकट तक्रार करतात.

रविवारी साडेसहाला विठ्ठलवाडीच्या देवळापाशी भेटू. जुन्या चपला घाला, चिखल आहे. गाडी लावायला जागा नाही, चालत या.