रविवारच्या उपासनेत काय घडतं?

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात चर्च म्हटलं की बऱ्याच जणांना वायल्डर मेमोरियल आठवतं. १८५२ साली इथं आलेल्या रॉयल वायल्डर या अमेरिकन मिशनऱ्याचं नाव त्याला आहे, आणि त्याची परंपरा प्रेस्बिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडीलजनांनी चालवलेल्या प्रोटेस्टंट मंडळीची. याच शहरात ऑल सेंट्स चर्चही आहे. त्याचं मूळ इंग्लंडच्या चर्चकडे, म्हणजे अँग्लिकन परंपरेकडे जातं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात या दोन आणि आणखी काही परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तेव्हापासून कागदोपत्री ‘अँग्लिकन’ हे नाव मागं पडलं. अँग्लिकन उपासनेचं वळण मात्र टिकून आहे. आज त्याविषयी बोलूया.

‘तुमचा विश्वास नेमका काय?’ असं अँग्लिकन माणसाला विचारलं, तर तो व्याख्या सांगत बसत नाही, प्रार्थनेचं पुस्तक पुढं करतो. आपल्याकडे वारकऱ्याचा विश्वास जसा रोजच्या हरिपाठातून कळतो, तसंच हे. १५४९ मध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी लॅटिन बाजूला सारून लोकांच्या भाषेत हे पुस्तक आणलं. पुढं १६६२ ची आवृत्ती प्रमाण ठरली, आणि कालांतरानं मराठीतही ते आलं. शेतकरी असो नाहीतर सरदार, शब्द सगळ्यांना तेच. माझ्या मते या परंपरेचं मोठेपण इथंच आहे. प्रवचन चांगलं होईल न होईल, ते पाळकसाहेबांच्या त्या आठवड्यावर अवलंबून! प्रार्थना मात्र दर रविवारी भक्कमच असते.

विश्वासाचा गाभा मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या ठरलेल्या शब्दांतल्या कबुलीत आहे. ३२५ साली नायसिया इथल्या परिषदेत त्याची घडण सुरू झाली आणि ३८१ च्या परिषदेत ती पूर्ण झाली. एकच देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. येशू खरा देव आणि खरा माणूस. तो वधस्तंभावर मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि पुन्हा येणार आहे. सगळी मंडळी उभी राहून हे मोठ्यानं म्हणते. १८८८ मध्ये लंडनमधल्या लँबेथ इथं जमलेल्या अँग्लिकन बिशपांनी, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूंनी, चर्चच्या ऐक्यासाठी चार गोष्टी पायाभूत मानल्या: पवित्र शास्त्र, हे जुने मतांगिकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि बिशपांची परंपरा. पोपचा अधिकार अँग्लिकन मंडळी मानत नाहीत, पण बिशप, वेदी, झगे हे सगळं त्यांनी ठेवलं. म्हणून कॅथलिकांना ते प्रोटेस्टंट वाटतात, आणि काही प्रोटेस्टंटांना जरा जास्तच कॅथलिक.

आता प्रत्यक्ष उपासना. सुरुवातीलाच पापकबुली येते, तीही सगळ्यांनी मिळून. जे करायला नको ते केलं, आणि जे करायला हवं होतं ते राहून गेलं, अशी दोन्ही बाजूंची कबुली असते. मला यातली दुसरी बाजू फार खरी वाटते. माणूस केलेलं आठवतो, राहून गेलेलं सहज विसरतो. मग पाळक क्षमेचे शब्द उच्चारतात. त्यानंतर शास्त्रवाचन. बायबलमधला जुना करार आणि प्रेषितांची पत्रं मंडळीतलं कुणीही वाचतं, शुभवर्तमानाला, म्हणजे येशूच्या चरित्राच्या वाचनाला, मात्र सगळे उभे राहतात. प्रवचन, मतांगिकार, आणि मग देशासाठी, आजाऱ्यांसाठी, मृतांच्या घरच्यांसाठी मध्यस्थीच्या प्रार्थना. गायनात इंग्रजी चालींची गीतं असतात, तशी टाळ-तबल्यावरची मराठी भजनंही.

पुढं लोक एकमेकांना शांतीची खूण देतात. कुणी हात मिळवतं, कुणी नमस्कार करतं. अबोला धरलेल्या दोन घरांना एकाच बाकावर बसून हे करावं लागलं, की काय होत असेल, विचार करा! कारण यानंतर लगेच प्रभुभोजन आहे. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर येतो, येशूच्या शेवटच्या भोजनाचे शब्द म्हटले जातात, प्रभूची प्रार्थना होते, भाकर मोडली जाते. लोक वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून ती घेतात. भाकर आणि द्राक्षारसाचं रूप बदलतं का, यावर युरोपात मोठे वाद झाले. अँग्लिकनांच्या शिकवणीची ३९ कलमं म्हणतात, ख्रिस्ताचं शरीर इथं खरोखर मिळतं, पण आत्मिक रीतीनं आणि विश्वासानं.

वर्षाचे रंगही ठरलेले. नाताळच्या आधीच्या आगमन काळात आणि ईस्टरपूर्वीच्या ४० दिवसांच्या उपवासकाळात वेदीवर जांभळं वस्त्र, नाताळ-ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, लाल, आणि बाकी बरेच महिने हिरवं.

तुमच्यापैकी कुणाला जावंसं वाटलं, तर दार उघडं असतं. प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, पण तेव्हा तुम्ही बाकावर शांत बसून राहिलात तरी कुणी वळून बघत नाही. नाताळला मात्र जाऊ नका. बसायला जागा मिळणार नाही आणि गर्दीत उपासनेचा क्रम काही कळणार नाही. एखादा साधा, हिरव्या वस्त्राचा रविवार गाठा. शेजारच्याकडे पुस्तक मागा, तो स्वतःच पान काढून देईल.