निकोसियाचं गटार

श्रोतेहो, नमस्कार.

आंतरराष्ट्रीय शांततेवर रेडिओवर बोलायला जातोय असं घरी सांगितलं, तेव्हा आमची ही म्हणाली, “तुम्ही? चौतीस वर्षं ड्रेनेजात घालवलेला माणूस?” खरं आहे तिचं. चेंबर, उतार, पंप, तुंबलेली लाइन आणि लोकांच्या शिव्या, एवढाच माझा संसार. पण सायप्रसची राजधानी निकोसिया हे शहर मला कळलं ते तिथल्या गटारामुळंच. म्हणून आलो.

सायप्रस म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या खाली असलेलं बेट. आपला कोल्हापूर जिल्हा 7,685 चौरस किलोमीटर, ते 9,251. म्हणजे फार तर सव्वा जिल्हा. 1960 साली इंग्रज गेले तेव्हा शंभरातले सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर लोक ग्रीक बोलणारे, अठराएक तुर्की. राज्यघटना अशी की राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्क, आणि दोघांनाही नकाराधिकार. वर हमीदार तीन: ब्रिटन, ग्रीस, तुर्कस्तान. ग्रीकांपैकी बऱ्याच जणांना ग्रीसमध्ये विलीन व्हायचं होतं, तुर्कांना फाळणी हवी होती. एकत्र खातं उघडलं, आणि दोघांच्याही मनात पहिल्या दिवसापासून ते बंद करायचं. डिसेंबर 1963 मध्ये दंगे पेटले. पीटर यंग नावाच्या ब्रिटिश जनरलनं निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रेघ मारली, इकडं तुम्ही, तिकडं ते. म्हणून तिचं नाव ग्रीन लाइन. हाताशी लाल पेन्सिल असती तर आज जग तिला रेड लाइन म्हणत असतं.

4 मार्च 1964 ला सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक 186 मंजूर केला आणि संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना बेटावर उतरली. मुदत तीन महिने. श्रोतेहो, ती सेना अजून तिथंच आहे.

या सेनेचे पहिले सेनापती आपले जनरल ग्यानी, दुसरे जनरल थिमय्या. तेच कोडगूचे थिमय्या, जे आपले लष्करप्रमुख होते. 18 डिसेंबर 1965 ला सायप्रसमध्येच हृदयविकारानं ते गेले. पुढच्या वर्षी सायप्रसनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. तिसरे भारतीय म्हणजे दिवाण प्रेमचंद, आणि त्यांच्या वाट्याला 1974 आलं. त्या जुलैत अथेन्समधल्या लष्करशहांच्या चिथावणीनं ग्रीक राष्ट्रवाद्यांनी बेटावर बंड केलं. पाच दिवसांत, 20 जुलैला, हमीदार म्हणून तुर्कस्तानचं सैन्य उतरलं आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या चढाईत त्यानं बेटाचा उत्तरेकडचा, तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग घेतला. निकोसियाचा विमानतळ घ्यायचाही त्याचा इरादा होता. प्रेमचंदांनी तो भाग संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली असल्याचं जाहीर केलं आणि शांतिसेनेला तिथं पाय रोवून उभं केलं. हल्ला झाला नाही. विमानतळ मात्र तेव्हापासून बंद. सायप्रस एअरवेजचं एक ट्रायडंट विमान अजून तिथं गंजत उभं आहे आणि शांतिसेनेचं मुख्यालय त्याच आवारात आहे.

शांतिसेना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं निळं शिरस्त्राण आणि चिलखती गाडी येते. पण तिथलं रोजचं काम ऐकलंत तर आपल्या तलाठ्याची आठवण येईल. उत्तरेत तुर्क, दक्षिणेत ग्रीक, आणि दोन्हीकडच्या सैन्यांच्या मधे बेटाच्या आरपार 180 किलोमीटरचा पट्टा, कुठं सात किलोमीटर रुंद, तर जुन्या निकोसियात हात लांब केला की पलीकडची भिंत लागेल इतका अरुंद. या पट्ट्यात शेतीही होते, आणि कुणी कुठं नांगर घालायचा याची परवानगी शांतिसेना देते. कुणी वाळूची चार पोती पुढं सरकवली, चौकीला नवी खिडकी पाडली, की हे जाऊन मोजणार, तक्रार नोंदवणार, मागं घ्यायला लावणार. सहीशिक्क्याचा युद्धबंदी करार त्या दोन सैन्यांत कधी झालाच नाही. 1974 च्या ऑगस्टमध्ये बंदुका जिथं थांबल्या तीच हद्द, आणि ती यांच्या वहीत. ऑगस्ट 2023 मध्ये पिला या मिश्र वस्तीच्या गावाजवळ उत्तरेकडच्यांनी रस्ता काढायला घेतला. आडव्या आलेल्या शांतिसैनिकांना मारहाण झाली, त्यांच्या गाड्या ढकलून दिल्या. बांधावरचं भांडणच की हे, फक्त गणवेश घातलेलं. सुरुवातीला सहा हजारांच्या वर सैनिक होते, आता आठशेच्या आसपास.

निपाणी-बेळगावकडून ऐकणाऱ्यांच्या मनात आता काय आलं असेल ते मला कळतं. पण ते दोन राज्यांचं, घटनेच्या चौकटीतलं, सुप्रीम कोर्टात पडलेलं प्रकरण. ते यात मिसळत नाही मी.

सायप्रसचं खरं अडतं ते सहीपाशी. 1983 च्या नोव्हेंबरात उत्तरेनं स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. सुरक्षा परिषदेनं ते कायदेशीरदृष्ट्या अवैध ठरवलं आणि तुर्कस्तान सोडून कुणीही त्याला मान्यता दिली नाही. त्यामुळं दक्षिणेचा साधा कारकूनसुद्धा उत्तरेचा शिक्का असलेला कागद हातात घ्यायला घाबरतो. घेतला, तर तुम्ही त्यांना देश मानलंत. वाटाघाटीतही ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणायचं नाही, ‘समाजाचे नेते’ म्हणायचं. शब्दावरून बैठकच्या बैठक मोडते.

आणि या सगळ्याच्या खालून मैलापाणी वाहत होतं.

1974 च्या आधी निकोसियाची भुयारी गटार योजना सुरू झाली होती. जास्तीचं जाळं दक्षिणेत पडलं, शुद्धीकरणाची जागा उत्तरेत गेली, आणि मधे तारेचं कुंपण आलं. आता पाण्याला उतार कळतो, सुरक्षा परिषद कळत नाही. 1978 च्या सुमारास दोन महापौर एकमेकांना भेटले. दक्षिणेचे लेलोस दिमित्रियादिस वकील, उत्तरेचे मुस्तफा आकिंजी आर्किटेक्ट, तिशीतला पोरगाच. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाला त्यांनी मधे घेतलं, मान्यतेचा प्रश्न बाजूला ठेवला आणि पाइप जोडून टाकले. 1980 पासून दोन्ही निकोसियांचं मैलापाणी एकाच ठिकाणी जातं. पुढं जुन्या पेठांच्या दुरुस्तीचा संयुक्त आराखडाही याच दोघांनी चालवला.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या नोकरीतल्या दोन गल्ल्या आठवल्या. फुटबॉलच्या मॅचवरून सुरू झालेलं वैर, चार वर्षं बोलणं बंद. वरच्या गल्लीची लाइन खालच्या गल्लीतून न्यायची होती, कारण उतारच तिकडं. खालचे म्हणाले, “आमच्या दारातनं त्यांची घाण? जमायचं न्हाई.” पावसाळ्यात तुंबलं ते दोन्हीकडं. मी एकत्र बैठकीचं बोललो, तर खालच्या गल्लीतले एक म्हातारे वस्ताद मला तालमीत घेऊन गेले आणि म्हणाले, “सायेब, बैठक नको. बैठक म्हटली की मागलं समदं निघतंय. तुमी रातच्याला खड्डा मारा. आमी झोपलोय.” आम्ही रात्री खड्डा मारला. कामावरच्या माणसांना मध्यरात्री खालच्याच गल्लीतून चहा आला. कुणी पाठवला ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही.

मोठ्या टेबलावर मात्र तसं जमलं नाही. 2003 मध्ये ये-जा सुरू झाली, एप्रिल 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या, बेट पुन्हा एक करण्याच्या योजनेवर दोन्हीकडं सार्वमत झालं. तुर्कांपैकी 65 टक्के हो म्हणाले, ग्रीकांपैकी 76 टक्के नाही. माझ्या मते चूक युरोपची. दक्षिणेचा युरोपीय संघातला प्रवेश आधीच पक्का करून ठेवला होता. सार्वमतानंतर आठवड्याभरात, 1 मेला, सायप्रस आत गेलाही. बिल आधी चुकतं केल्यावर ठेकेदार कामावर येतो का, हे मला विचारा. 2017 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पुन्हा बसले. तुर्की सैन्य आणि हमीदारांचे हक्क यांवर घोडं अडलं आणि बोलणी मोडली. तिथं उत्तरेचा नेता कोण होता? आकिंजीच. पाइप जोडणारे. 2020 ला ते निवडणूक हरले आणि दोन स्वतंत्र राष्ट्रांची भाषा करणारे आले. ऑक्टोबर 2025 मध्ये मतदारांनी त्यांनाही घरी बसवलं आणि संघराज्यावर बोलायला तयार असलेले तुफान एरहुरमान निवडून आले.

आणखी एक काम तिथं चालतं, आणि मला ते सगळ्यात अवघड वाटतं. बेपत्ता माणसांची समिती. एक सदस्य ग्रीक, एक तुर्क, तिसरा संयुक्त राष्ट्रांकडून. यादी 2,002 जणांची: 1,510 ग्रीक, 492 तुर्क. जुन्या विहिरी, शेतं उकरून हाडं काढायची, डीएनएवरून ओळख पटवायची आणि घरच्यांच्या हवाली करायची. हजाराच्या वर माणसं अशी घरी परतली आहेत. नियम एकच: कुणी मारलं हे समिती सांगत नाही. ऐकायला अन्याय वाटतो, मलाही वाटला. पण तो नियम नसता तर ‘अमक्या विहिरीत बघा’ असं सांगायला कोण पुढं आलं असतं?

आमच्या त्या दोन गल्ल्यांचं अजून फार बरं आहे असं नाही. गणपतीच्या मिरवणुका वेगळ्याच निघतात. चेंबर मात्र दर मे महिन्यात, वळवाच्या पावसाआधी, उघडतात. तेव्हा दोन्हीकडची चार-चार पोरं येऊन उभी राहतात, आणि न बोलता आत वाकून बघतात.

नमस्कार.