खोलीही वाजते : बर्लिनचं फुंकहाउस

श्प्रे नदीच्या काठावरची ही विटांची इमारत लांबून एखाद्या जुन्या गिरणीसारखी दिसते. तसं वाटण्यात फारसं चूकही नाही, कारण याच आवारात पूर्वी लाकूडकामाचा कारखाना होता. त्या कारखान्याला लागून पूर्व जर्मनीने आपलं रेडिओ केंद्र उभारलं. हे फुंकहाउस, नालेपाश्ट्रासे, बर्लिन.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्या राष्ट्रांनी विभागांत वाटून घेतलेल्या बर्लिनची मोठी पंचाईत झाली होती. शहराचं जुनं रेडिओ केंद्र ब्रिटिशांच्या विभागात होतं आणि कारभार मात्र सोव्हिएत अधिकाऱ्यांकडे. हे फार काळ निभणार नव्हतं. १९५१मध्ये इथे, शहराच्या पूर्व भागात काम सुरू झालं. आपण ज्या ब्लॉकमध्ये शिरतोय, तो ध्वनिमुद्रणाचा ब्लॉक बी १९५६मध्ये वापरात आला.

त्याचा वास्तुरचनाकार फ्रान्झ एर्लिश. बाउहाउस या आधुनिक कला आणि वास्तुरचनेच्या जर्मन शाळेचा विद्यार्थी, कम्युनिस्ट, आणि त्यापायी नाझींचा कैदी. बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्याला प्रवेशद्वाराची अक्षरं आखायला लावली. ‘ज्याचं त्याला’ असा तो क्रूर मजकूर. एर्लिशने तो बाउहाउसच्या वळणाच्या अक्षरांत काढला. नाझींना ज्या शैलीचा तिटकारा होता, तीच शैली त्यांच्या दारावर चढली आणि त्यांना पत्ता लागला नाही. तोच माणूस पुढे इथे आला आणि त्याने आवाजासाठी घर बांधलं.

आता जमिनीकडे बघा. भिंत आणि फरशी यांच्यामधली ही फट दिसतेय? इथला प्रत्येक मोठा हॉल म्हणजे इमारतीच्या पोटात बांधलेली दुसरी इमारत आहे. त्याचा पाया वेगळा, भिंती वेगळ्या. बाहेरच्या कवचाला त्या टेकत नाहीत, म्हणून नदीवरच्या बोटीची थरथर किंवा शेजारच्या हॉलमधला ढोल आत पोचत नाही. एका हॉलमध्ये ब्रास बँड आणि पलीकडच्या हॉलमध्ये व्हायोलिन, दोन्ही एकाच वेळी. त्या काळात हे साधलं ते विटा, चुना, लाकूड आणि नेमकी मोजमापं यांच्या जोरावर.

भिंती एकमेकींना समांतर नाहीत, हेही चटकन लक्षात येत नाही. दोन समांतर भिंतींमध्ये टाळी वाजवली, तर आवाज चेंडूसारखा इकडून तिकडे आदळत राहतो आणि तडतड ऐकू येते. इथे भिंती जराशा तिरक्या आहेत. आवाज पसरतो, विरतो, पण अडकत नाही.

हा हॉल एक. या लाकडी पायऱ्यांवर रेडिओचा सिंफनी वाद्यवृंद बसायचा, मागे गायकवृंद. काय साहित्य वापरलं, किती वापरलं, हे सांगता येईल, पण या हॉलमध्ये उभं राहिल्यावर आपला स्वर मोठा न करताही भरदार होतो, ते सांगून समजत नाही. पूर्व जर्मनी गेल्यानंतरही, १९९९मध्ये, डॅनिएल बारेनबोइमने बर्लिनच्या श्टाट्सकापेले वाद्यवृंदासह बीथोव्हेनच्या सिंफनी ध्वनिमुद्रित करायला हीच जागा निवडली.

आणि आता तो जिना. हा कुठेही जात नाही. नभोनाट्याच्या स्टुडिओतला हा जिना फक्त पावलांच्या आवाजासाठी बांधलाय. पायऱ्यांवरच्या शेजारी-शेजारी असलेल्या उभ्या पट्ट्या वेगवेगळ्या पृष्ठभागांच्या आहेत. या पट्टीवरून चढलात की सरकारी कचेरी, बाजूच्या लाकडी पट्टीवरून चढलात की जुनं घर. नाटकातला पोलीस कुठल्या पट्टीवरून चढेल आणि प्रेयसी कुठल्या, हे दिग्दर्शक आधी ठरवायचा. ऐका. एकच माणूस, तेच बूट, तीच चाल.

पलीकडच्या खोलीत याच्या बरोबर उलट केलंय. छतापासून जमिनीपर्यंत आवाज शोषणारं अस्तर. मोकळ्या माळावर आपला आवाज परत येत नाही, म्हणून माळावरचा प्रसंग इथे मुद्रित करायचे. बोलायला लागलं की शब्द ओठांपाशीच संपतो. काहींना इथे पाच मिनिटांत अस्वस्थ वाटतं.

घुमाऱ्यासाठीही स्वतंत्र कोठड्या होत्या. रिकामी खोली, गुळगुळीत उघड्या भिंती, एका बाजूला स्पीकर आणि दुसऱ्या बाजूला माइक. कोरडा आवाज इथे सोडायचा आणि घुमलेला परत घ्यायचा. आज हे काम संगणकावर एका बटणात होतं, आणि सोयीचं आहे यात शंका नाही. पण संगणकातला घुमारा मुळात अशाच कुठल्या तरी खऱ्या खोलीवरून घेतलेला किंवा तिची नक्कल करणारा असतो. त्या खोल्या पाडल्या तर पुढची नक्कल कशावरून करायची?

याच आवारातून रेडिओ बर्लिन इंटरनॅशनल जगभर बोलायचं. त्याची हिंदी सेवाही होती आणि भारतात शॉर्टवेव्हवर कान लावून बसणारे तिचे श्रोते होते. २ ऑक्टोबर १९९०च्या रात्री, जर्मनी एक होण्याच्या आदल्या दिवशी, ते केंद्र बंद झालं. १९९१च्या अखेरीस उरलेलं प्रसारणही थांबलं आणि हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे इमारत या मालकाकडून त्या मालकाकडे जात राहिली.

ती वाचली ती वापरामुळे. पियानोवादक आणि संगीतकार नील्स फ्रामने हॉल तीनमध्ये आपला स्टुडिओ थाटला आणि २०१८चा अल्बम तिथे केला. २०१५ पासून नवीन मालकाच्या काळात मैफलींची ये-जा वाढली. २०१७मध्ये डेपेश मोड हा बँड इथे वाजवून गेला. रॉकच्या कार्यक्रमांना गर्दी होते, त्यातून डागडुजीला पैसा येतो, म्हणून त्यांच्याविषयी तक्रार नाही. तरीही मोठे स्पीकर लावले की हॉलचं स्वतःचं बोलणं त्याखाली दडपतं.

आवारात कर्मचाऱ्यांचं जुनं उपाहारगृह, मिल्खबार, अजून आहे, कॉफी तिथे घेता येते. मार्गदर्शकासोबत इमारतीची फेरीही करता येते. पण फेरीवर थांबू नका. कार्यक्रमपत्रिका पाहा, आणि ज्या संध्याकाळी पियानो, चेलो किंवा गायकवृंद माइकशिवाय असेल, त्या संध्याकाळचं तिकीट काढा. जागा निवडता आली तर मधली घ्या, भिंतीपासून थोडी दूर.