चटईवरचं अंडं आणि त्यापुढचा हिशेब

नेचाको ही कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली नदी. प्रिन्स जॉर्ज शहराशी ती फ्रेझर नदीला मिळते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज देण्यासाठी तिच्यावर केनी धरण झालं आणि पाण्याचा मोठा वाटा बोगद्यातून समुद्राच्या बाजूला वळवला गेला. या नदीत पांढरा स्टर्जन नावाचा मोठा मासा राहतो. तो शंभर वर्षंही जगू शकतो. मादी विशी ओलांडल्यावर कधीतरी पहिल्यांदा अंडी घालते आणि पुढेही दर वर्षी घालत नाही. १९६७पासून तिथे नवी पिढी जवळजवळ उभीच राहिलेली नाही. मोठाले मासे मात्र दिसत राहिले, त्यामुळे घसरण लक्षात यायला उशीर झाला. २००६ मध्ये तिथल्या कायद्याने या माशाला संकटग्रस्त ठरवलं.

आता प्रश्न असा, की मासा अंडीच घालत नाही, की घातलेली अंडी वाया जातात? दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून विणीवर, म्हणजे अंडी घालण्यावर, पाळत ठेवावी लागते. व्हँडरहूफ गावाजवळ नदी बेटांमधून फाटे फुटून वाहते. २००४ मध्ये तिथे वीण होत असल्याचं दिसलं. म्हणजे अंडी घातली जात होती.

अंडी पकडायचं साधन, म्हणजे चटई, साधं आहे. साधारण ७५ बाय ९० सेंटीमीटरची लोखंडी चौकट, तिच्या दोन्ही बाजूंना खरखरीत, केसाळ गाळणीचं कापड. दोन्ही बाजूंना कापड अशासाठी, की चटई तळाशी कशीही पडली तरी चालावी. स्टर्जनचं अंडं साडेतीन-चार मिलिमीटरचं, काळपट आणि चिकट असतं. ते त्या कापडाला धरून बसतं. प्रवाहाच्या वरच्या बाजूला नांगर, मग चटई, खालच्या बाजूला दोर आणि बोया, म्हणजे जागा दाखवणारा तरंगता गोळा. प्रत्येक चटईची जागा, खोली आणि तळाजवळचा वेग टाकतानाच लिहून घ्यायचा. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीवर मी विश्वास ठेवणार नाही.

चटया दर दोन-तीन दिवसांनी उचलायच्या. १४-१५ अंश सेल्सिअसला आठवड्याभरात अंडं फुटून पिल्लू बाहेर पडतं, त्यामुळे आठवडा गेला तर हाती काहीच लागत नाही. झटक्याने ओढली तर अंडी गळून जातात. म्हणून सावकाश वर आणायची आणि पाण्याबाहेर येताच खाली ट्रे धरायचा. याच दिवसांत सकर नावाचे मासेही विणतात. त्यांची अंडी फिकट असतात, पण गाळाने माखली की फसगत होते. शंका आली तर अंडं अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनएवरून ओळख पटवावी.

अंडं भिंगाखाली पाहिलं की वीण कधी झाली ते कळतं. दोन-चार पेशींत विभागलेलं असेल, तर काही तासांपूर्वीची. आत शेपटी हलत असेल, तर काही दिवसांपूर्वीची. यासाठी तासातासाचं पाण्याचं तापमान हवं, कारण वाढीचा वेग त्यावरच ठरतो. १८ अंशांवर मरतूक वाढू लागते, २० अंशांना अंडी टिकत नाहीत. नुसती तारीख लिहून तापमान न लिहिणं ही मला सगळ्यात खटकणारी चूक वाटते.

मोजणी कष्टाशी जोडली नाही, तर आकड्याला अर्थ नाही. समजा, २० चटया ४८ तास पाण्यात होत्या आणि १२ अंडी मिळाली. म्हणजे ४० चटई-दिवसांत १२, दर चटई-दिवसाला ०.३. रिकामी चटईही नोंदवायचीच. ती वगळली की सरासरी फुगते.

अंडी सापडली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पोटातल्या बलकावर जगतं आणि ते दिवस गोट्यांच्या फटींत लपून काढतं. फटी वाळूने बुजल्या की ते उघड्यावर येतं, प्रवाहात वाहून जातं, दुसऱ्या माशांच्या तोंडी पडतं. १९६०च्या दशकात वरच्या भागात पाण्याने काठ खोदून नवी वाट काढली तेव्हा भरपूर गाळ नदीत आला. पिढ्या खंडण्याचं एक प्रमुख कारण तेच मानलं जातं. २०११ मध्ये व्हँडरहूफजवळ विणीच्या जागी मुद्दाम खडी-गोटे टाकले गेले. पण टाकलेली खडीही वाळूने भरत जाते. तेव्हा अंडी मोजणाऱ्याने तळाच्या फटीही दर हंगामात तपासाव्यात.

वाहती पिल्लं पकडायला रात्री तळाशी बारीक छिद्रांची जाळी लावतात. ०.५ चौरस मीटर तोंड, सेकंदाला ०.६ मीटर वेग, एक तास: १,०८० घनमीटर पाणी गाळलं गेलं. शेवाळ आणि पालापाचोळ्याने जाळं तुंबलं की पाणी बाजूने निघून जातं आणि हिशेब खोटा ठरतो. म्हणून वेग तोंडाच्या आत, सुरुवातीला आणि शेवटीही मोजायचा. फरक मोठा असेल तर जाळं तासाऐवजी अर्ध्या तासानेच उचलायचं.

आपल्याकडे महाशीरसाठी ही पद्धत उचलायची, तर आधी त्याचं अंडं कापडाला किती धरतं ते हौदात पाहून घ्यावं. स्टर्जनसाठी केलेली चटई तशीच नदीत टाकू नये.

व्हँडरहूफला २०१४ मध्ये सुरू झालेल्या संवर्धन केंद्रात पिल्लं वाढवून नदीत सोडतात. ती खूण करूनच सोडायची. कारण पुढे कधी जाळ्यात बिनखुणेचा लहान स्टर्जन आला आणि त्याच्या परावरच्या काट्यातल्या वलयांवरून वय निघालं, तर कोणत्या वर्षीच्या विणीतून तो वाचला, हे सांगता येतं.